वॉर्डमध्ये सोबतीला बसलेल्या माणसालाही विचारा

कॅन्सर रुग्णालयांचे व्यवस्थापक, वॉर्डचे डॉक्टर आणि परिचारिका यांस,

सप्रेम नमस्कार.

माझ्या पत्नीला रक्ताचा कॅन्सर झाला आहे, ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. पहिल्या केमोसाठी ती भरती झाली, मुक्काम लांबला, फार अवघड गेला आणि ती त्यातून बाहेर आली. ज्यांनी तिच्यावर उपचार केले त्यांच्या ज्ञानाबद्दल आणि कष्टांबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. त्या मुक्कामात जे पाहिलं त्यातून एक मागणी तयार झाली, ती तुमच्यापुढे ठेवतोय. रुग्णाजवळ रात्रंदिवस असणाऱ्या माणसाला रोजच्या राउंडमध्ये एक प्रश्न विचारा: तुम्हाला आज यांच्यात काही बदल दिसतोय का? उत्तर फाइलमध्ये लिहा. आणि त्या माणसाला मध्येच काही गंभीर वाटलं तर त्याने ते कुणाला सांगायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

या उपचाराचं स्वरूप तुम्हाला ठाऊकच आहे, पण खाटेच्या आमच्या बाजूने ते कसं दिसतं ते सांगतो. सात दिवस सायटॅराबिन आणि त्यातले तीन दिवस जोडीला ॲन्थ्रासायक्लिन गटातलं औषध. 'सात अधिक तीन' ही पद्धत 1970च्या दशकापासून चालत आली आहे. औषध आठवड्यात संपतं, मुक्काम मात्र महिनाभर किंवा त्याहूनही जास्त. ल्युकेमियाच्या पेशींबरोबर हाडांच्या आतल्या, रक्त तयार करणाऱ्या मज्जेतल्या चांगल्या पेशीही मरतात आणि त्या नव्याने तयार होईपर्यंत रुग्णाला घरी सोडणं धोक्याचं असतं. मग काउंटची, म्हणजे रक्तपेशींची संख्या वाढण्याची, वाट पाहणं सुरू होतं. पहाटे रक्त काढायचं, नंतर आकड्यांसाठी जीव टांगणीला. आज रक्त चढवायचं, उद्या प्लेटलेट. या काळात डॉक्टर दिवसातून एकदा-दोनदा येतात, काही मिनिटं थांबतात. नर्स ठरावीक तासांनी ताप, नाडी, बीपी पाहते. ड्यूटी बदलली की चेहरा बदलतो, निवासी डॉक्टरही बदलतात. न बदलणारा एकच माणूस त्या खोलीत असतो. आजारापूर्वी ही व्यक्ती कशी होती, कशी बोलायची, चिडली की काय करायची, दुखलं की कशी गप्प व्हायची, हे त्या सगळ्यांत त्यालाच माहीत असतं. त्याला त्याबद्दल कुणी विचारत नाही. रुग्ण भरती होताना फॉर्मवर त्याचं नाव आणि नातं लिहून घेतात, नंतर त्याला बोलावणं येतं ते सहीसाठी, औषधं आणण्यासाठी आणि रक्तदाते शोधण्यासाठी.

तापाचंच घ्या. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 500 च्या खाली गेले की अंगात जंतूंशी लढायला जवळजवळ कोणी उरत नाही. संसर्गाच्या जागी लाली, सूज, पू दिसतो तो मुख्यतः याच पेशींमुळे. त्याच नसल्या तर संसर्ग आतल्या आत पसरू शकतो आणि बाहेर खूण म्हणून फक्त ताप दिसतो. म्हणून एकदाच 38.3 अंश सेल्सिअस, म्हणजे 101 फॅरनहाइट, किंवा तासभर टिकून राहिलेला 38 अंश हा आणीबाणीचा ताप मानतात, आणि पहिलं अँटिबायोटिक तासाभरात शिरेत जावं असं मार्गदर्शक सूचना सांगतात. हे मला वॉर्डमधल्याच एका डॉक्टरांनी समजावून दिलं आणि त्यांनी ते इतकं नीट सांगितलं की मी ते विसरणं शक्य नाही.

एका दुपारी ताप मोजला तेव्हा तो त्या रेषेच्या खाली होता. पण ती बदलली होती. एरवी खिडकीकडे तोंड करून पडणारी ती भिंतीकडे वळली होती, चादर हनुवटीपर्यंत ओढली होती आणि माझ्या प्रश्नांना नुसतं 'हं' म्हणत होती. मी जाऊन सांगितलं. ताप ठीक आहे, असं उत्तर मिळालं. पुन्हा जाऊन सांगितलं, तेव्हा थोडी नाराजी दिसली. संध्याकाळी तिला हुडहुडी भरली, बीपी उतरलं, आणि मग मात्र सगळे धावले, वेगाने आणि अचूक. ती वाचली ती त्या धावण्यामुळे. त्या दुपारच्या नर्सकडे खूप रुग्ण होते आणि हातातला आकडा तिला खरंच ठीक सांगत होता. तिला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. 'पती म्हणतात, ही नेहमीसारखी नाही' हे वाक्य लिहायला तिच्या कागदावर रकानाच नव्हता, आणि ते वाक्य ऐकून कुणी येऊन बघावं असा नियमही नव्हता. मधले ते तास आमच्या हातातून गेले.

तोंडाच्या दुखण्याचीही अशीच कथा. केमोनंतर तोंडातली आणि घशातली त्वचा सोलवटते, घोट गिळणं नकोसं होतं, आणि न्यूट्रोफिल परत येऊ लागेपर्यंत हे भरून येत नाही. राउंडला डॉक्टर विचारायचे, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? ती म्हणायची, चार. रात्री ती थुंकी गिळायच्या भीतीने तोंडाला रुमाल लावून बसून काढायची. चार का सांगतेस, असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, फार दुखतं म्हटलं तर ते केमो थांबवतील. ही भीती तिच्या एकटीची नाही. कॅन्सरचे अनेक रुग्ण डॉक्टरांपुढे दुखणं कमी करून सांगतात. कुणाला उपचार थांबण्याची भीती असते, कुणाला दुखणं वाढलं म्हणजे रोग वाढला असं वाटतं, कुणाला कामात बुडालेल्या डॉक्टरांना त्रास द्यायचा नसतो. रात्र कशी गेली हे खुर्चीवरच्या माणसाला विचारलं असतं तर त्या चारचा खरा अर्थ लगेच कळला असता. तो पुढे कळला, वेदनाशामक टीमला बोलावलं गेलं, मॉर्फिन सुरू झालं, त्याच्याबरोबर बद्धकोष्ठतेचं औषधही पहिल्या दिवसापासून दिलं गेलं, आणि तिला झोप लागली.

इथे थोडं विषय सोडून. या वेदनाशामक टीमचं, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणाऱ्या पॅलिएटिव्ह टीमचं, नाव ऐकल्यावर आमच्या दोघांच्याही पोटात गोळा आला होता, कारण ती टीम शेवटी येते अशी आमची समजूत होती. 2010 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 151 रुग्णांपैकी ज्यांना निदानानंतर लवकरच नेहमीच्या उपचारांबरोबर पॅलिएटिव्ह सेवा मिळाली, त्यांचं जगणं अधिक सुसह्य झालं आणि मध्यक आयुष्यही (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 8.9 महिन्यांऐवजी 11.6 महिने भरलं. आजार वेगळा आहे, आकडे आम्हाला लागू होत नाहीत. पण या टीमला शेवटासाठी राखून ठेवू नये, हे त्यातून कळतं. कृपया तिची ओळख भरती होतानाच करून द्या. ऐनवेळी ते नाव ऐकलं की माणूस खचतो.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. एका टप्प्यावर तिचं मन ठिकाणावर राहिलं नाही. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. संसर्ग, ताप, मॉर्फिनसारखी औषधं, स्टिरॉइड, रक्तातल्या क्षारांची गडबड, मोडलेली झोप, यांतलं काहीही त्याला कारण होऊ शकतं. रुग्ण आरडाओरडा करू लागला, सलाइन उपसू लागला, तर सगळ्यांना कळतं. पण डिलिरियमचा एक शांत प्रकार असतो, त्यात माणूस मंद होतो, पडून राहतो, आणि तो चटकन लक्षात येत नाही. उलट 'आज अगदी शांत आहेत' अशी नोंद होते. राउंडला तिला नाव विचारलं, तिने सांगितलं. कुठे आहात विचारलं, तेही बरोबर सांगितलं. राउंड पुढे गेला. तास-दोन तासांनी ती मला हळूच म्हणाली, ते दार लावून घे, आई झोपली आहे. तिची आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी हे सांगितलं तेव्हा 'औषधाने गुंगी असेल' एवढ्यावर पहिल्यांदा ते थांबलं.

रात्रपाळीच्या एका सिस्टरांनी ते पुढे नेलं. त्या आत आल्या, तिच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, 'या नेहमी अशाच बोलतात का?' त्या मुक्कामात तिच्या स्वभावाबद्दल मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. मी बोललो, त्यांनी लिहून घेतलं, डॉक्टरांना फोन केला, औषधांची यादी पुन्हा तपासली गेली, एक औषध बदललं, एकाची मात्रा उतरली. त्यांनी मला तिचा चष्मा तिच्या डोळ्यांवर ठेवायला सांगितला, घड्याळ तिला दिसेल असं लावायला सांगितलं, दिवसा पडदा उघडा ठेवून उजेड येऊ द्यायला आणि वार, तारीख, वेळ सहज बोलण्यात आणायला सांगितलं. दोन-तीन दिवसांत ती परत आली, म्हणजे आम्हाला ओळखीची असलेली ती परत आली. त्या सिस्टरांचं ऋण मी कधीच विसरणार नाही.

त्यांनी अंगच्या शहाणपणाने जे विचारलं, त्याचा अभ्यासही झालेला आहे हे मला नंतर समजलं. 2010 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी रुग्णालयात भरती असलेल्या कॅन्सरच्याच रुग्णांवर एक साधी चाचणी करून पाहिली. रुग्णाच्या जवळच्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा: हे अलीकडे जास्त गोंधळलेले वाटतात का? उत्तर मानसोपचारतज्ज्ञाच्या तपासणीशी ताडून पाहिलं. रुग्णांची संख्या लहान होती, पण त्या एका प्रश्नाने डिलिरियम असलेल्या दर पाचांपैकी साधारण चार रुग्ण हेरले गेले. यंत्र लागलं नाही, रक्त काढावं लागलं नाही. प्रश्न विचारायला लागतो तितकाच वेळ लागला.

जवळच्या माणसाचं ऐकण्याची व्यवस्था काही ठिकाणी मोठी किंमत मोजून आली आहे. मार्था मिल्स ही 13 वर्षांची मुलगी सायकलवरून पडली, स्वादुपिंडाला इजा झाली, आणि 2021 साली लंडनच्या रुग्णालयात सेप्सिसने, म्हणजे संसर्ग अंगभर भिनून, गेली. तब्येत बिघडतेय हे आईवडील सांगत होते. वेळेत अतिदक्षता विभागात हलवलं असतं तर ती बहुधा वाचली असती, असा निष्कर्ष मृत्यूच्या चौकशीत निघाला. तिच्या नावाने इंग्लंडमध्ये 2024 पासून 'मार्थाज रूल' लागू होऊ लागला. रुग्णाच्या किंवा कुटुंबाच्या मते तब्येत बिघडत असेल आणि दखल घेतली जात नसेल, तर त्यांना दिवसा-रात्री कधीही वेगळ्या टीमकडून तातडीची तपासणी मागता येते. आणि त्याच नियमात हेही आहे की रुग्णाला व कुटुंबाला तब्येतीबद्दल दिवसातून किमान एकदा विचारायचं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडमध्ये रायन सॉन्डर्स नावाच्या लहानग्याच्या 2007 मधल्या मृत्यूनंतर असाच नियम आला. ही दोन्ही मुलं होती. मोठ्या माणसाच्या शेजारी आईवडिलांच्या जागी बहुतेक वेळा नवरा किंवा बायको असते, एवढाच फरक.

तुमच्या मनात येणाऱ्या शंका मला कळतात, कारण वॉर्डमध्ये बसून मी तुमचं काम पाहिलं आहे. वेळ कुठून आणायचा, ही पहिली. उत्तर अमेरिकेतल्या सात रुग्णालयांच्या बालविभागांत राउंडची पद्धतच बदलून पाहिली गेली. कुटुंबाला राउंडमध्ये सामील केलं, बोलणं सोप्या भाषेत ठेवलं, नर्सचं म्हणणं घेतलं, दिवसाचा सारांश लिहून दिला. 2018 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचे निष्कर्ष आले. रुग्णाला इजा करणाऱ्या चुका जवळपास 38 टक्क्यांनी कमी झाल्या, आणि राउंडला लागणारा वेळ लक्षणीय वाढला नाही. चुकांची एकूण संख्या बदलली नव्हती, हेही सांगायला हवं. पण इजा टळणं हेच तर आम्हाला हवं आहे.

दुसरी शंका घाबरट नातेवाइकांची. प्रत्येक बारीक गोष्टीला धावत येणारे असतात, मान्य. पण आपल्याला विचारलं जाणार आहे याची ज्यांना खात्री असते ते दर दहा मिनिटांनी काउंटरवर येत नाहीत. मी दाराशी ताटकळलो आहे, मला माहीत आहे. काही नातेवाईक आरडाओरडा करतात, कुठे कुठे डॉक्टर-नर्सवर हात उचलला जातो. त्याचं कोणतंही समर्थन होऊ शकत नाही, आणि हे मी नातेवाइकांच्या बाजूने, स्पष्ट शब्दांत म्हणतोय.

तिसरी शंका संसर्गाची, आणि ती सर्वांत रास्त. काउंट खाली असताना भेटणाऱ्यांची गर्दी नकोच. सर्दी-खोकला असलेल्याला आत सोडू नका, हात धुतल्याशिवाय कुणाला तिला हात लावू देऊ नका, मास्कची सक्ती करा, आणि हे सगळं मलाही लावा. फक्त रोज सोबत असणाऱ्या एका माणसाला भेटायला आलेल्यांत मोजू नका. तोंडाची निगा, आंघोळ, किती प्यायली आणि किती लघवी झाली याची नोंद, ही कामं तो करतो. त्याला शिकवा, आणि तो काय शिकला हे त्याच्याच तोंडून परत वदवून घ्या. 'समजलं ना?' या प्रश्नाला भेदरलेला माणूस नेहमी 'हो' म्हणतो.

राउंडची अंदाजे वेळ सांगता आली तर सांगा. औषध आणायला खाली गेलो आणि तेवढ्यात राउंड होऊन गेला, असं झालं की पुढचा सगळा दिवस तर्क करण्यात जातो. तीन डॉक्टर तीन शब्दांत एकच गोष्ट सांगतात आणि आम्हाला त्या तीन वेगळ्या गोष्टी वाटतात. एका कागदावर चार ओळी पुरतील: आज काय केलं, कशाची वाट पाहतोय, काय झालं तर लगेच सांगायचं.

माझं ऐका म्हणतोय म्हणून मला तिच्या वर बसवू नका. तिचे रिपोर्ट बाहेरच्या पॅसेजमध्ये नेऊन आधी मला सांगितले गेले, आणि 'त्यांना एवढ्यात सांगू नका' असा सल्लाही मिळाला. प्रेमापोटी दिलेला होता, पण मला तो पटला नाही आणि मी तो पाळला नाही. शरीर तिचं आहे. किती जाणून घ्यायचं, कुणाच्या समोर, आणि ती बोलू शकणार नाही अशी वेळ आली तर निर्णय कुणी घ्यायचा, हे भरती होतानाच, ती सावध असताना तिला विचारा आणि लिहून ठेवा. मी जे पाहिलं ते सांगीन. तिला काय हवं ते तिलाच सांगू द्या.

सोबतीच्या माणसाच्या तब्येतीबद्दल थोडंच लिहितो. 1999 साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात वयस्कर जोडप्यांचा एक अभ्यास आला होता. आजारी जोडीदाराची काळजी घेताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांच्यात चार वर्षांतल्या मृत्यूचं प्रमाण तशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा 63 टक्क्यांनी जास्त निघालं. वॉर्डमधल्या खुर्च्यांवर बसल्या बसल्या झोपणाऱ्या माणसांत स्वतःच्या मधुमेहाच्या, बीपीच्या गोळ्या विसरलेले कितीतरी असतात. 'तुम्ही तुमच्या गोळ्या घेतल्या का?' एवढं विचारणारा एखादा समाजसेवक वॉर्डमध्ये असावा. आणि पाठ टेकता येईल अशी एक जागा.

माझी पत्नी सध्या घरी आहे. मज्जेत ल्युकेमियाच्या पेशी दिसत नाहीत, पण उपचार संपलेले नाहीत. आता जास्त मात्रेच्या सायटॅराबिनसाठी आम्ही पुन्हा भरती होऊ. या औषधाचा लहान मेंदूवर परिणाम होऊ शकतो, म्हणून मात्रा देण्याआधी रुग्णाची चाल, बोलणं, नजर तपासतात, कागदावर सही करायला लावून अक्षर बिघडलं का ते पाहतात, आणि बिघाड दिसला तर औषध थांबवतात. तिचं अक्षर, तिची चाल, ती शब्द कसे उच्चारते, हे मी लग्नापासून रोज पाहत-ऐकत आलोय. ती तपासणी कराल तेव्हा मला खोलीबाहेर पाठवू नका. सही दाखवा आणि विचारा, हे अक्षर त्यांचंच वाटतं का? माझं उत्तर तारखेसह फाइलमध्ये लिहा.

सगळीकडे एकदम हे करणं कठीण वाटत असेल तर एका वॉर्डमध्ये सुरू करा. राउंडच्या कागदावर एक ओळ वाढवा आणि दाराजवळ एक फोन नंबर लावा. सोबतीच्या माणसाने काय पाहावं आणि ते थोडक्यात कसं सांगावं, याचं साध्या भाषेतलं पत्रक तयार करायला मी आणि माझ्यासारखे अनेक जण आनंदाने येऊ. मजकूर बरोबर आहे का, तेवढं तुम्ही तपासून द्या.

आपला नम्र,
वॉर्डमधल्या एका रुग्णाचा नवरा